पायाळूचा पाय

आमच्या पिशोरात कुणाची पाठ भरली की मला बोलावणं यायचं. मी जन्मलो तो आधी पाय बाहेर काढून. अशा पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं सगळे मानत. शहरात पुंडलिकनगरात राहायला आलो तरी हा धंदा मी सोडला नाही. शाळेत मी विज्ञान शिकवायचो, हे खरं तर सांगायलाच नको होतं.

त्या सकाळी दादानं दुकानात कापडाचा तागा वरच्या फळीवर ठेवला आणि खालीच बसला. खांद्यांच्या मधे टर्रकन फाटल्यासारखं झालं म्हणाला. कापडवाला दुसरं काय म्हणणार, म्हणून मी हसलो. त्याला पालथा झोपवून तीनदा पाय लावला. तो घामानं भिजला, तर म्हटलं, उतरतेय. शेवटी वहिनीनं मला बाजूला सारून रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी त्याची उंची, लांब बोटं पाहिली. अंगठा आत घालून मूठ मिटायला लावली. अंगठा पलीकडून बाहेर डोकावला. लहानपणी हीच गंमत दाखवायला आम्ही त्याला पाहुण्यांपुढं उभा करायचो. स्कॅन झाल्यावर कळलं, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचा आतला पदर फाटलाय. शरीरातले धागेच जन्मापासून कच्चे. आजच छाती उघडून फाटका भाग काढायचा, तिथं कापडी नळी शिवायची, झडपही बदलायची. वाचेलच, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मी त्यांना जिन्यात गाठून सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. फाटलं होतं ते आधीच, म्हणाल्या, पण तुमच्यामुळं अर्धा तास गेला.

दिवसभर मी बाकड्यावर पाय वर घेऊन बसलो. जमिनीला टेकवायची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी तोंडातल्या नळ्या निघाल्यावर दादानं डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला, "कापड आटत नाय ना?"

रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माझे धागे पक्के निघाले. अक्कल तिथं तपासत नाहीत.

महिन्यानं घरी, पडून पडून पाठ आखडली तेव्हा त्यानं मला हाक मारली.

"बारक्या, लाव की पाय."

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग हात तरी लाव. हळू."

मी तळवा ठेवला. आत नवी झडप टिकटिक करत होती, अगदी हाताला लागत होती.

"काढू नको," तो म्हणाला.

मी कुठं काढत होतो.