हितगुजाचा अर्थ
मटणाच्या रश्श्याचा वास आला की मला आमच्या गावचे चार निवृत्त सुभेदार आठवतात आणि मान खाली जाते. मी मराठीचा मास्तर. एका श्रावणात देवळात माईकवर बोलताना सांगितलं, की गुज हा शब्द गुह्यावरून आला, आणि हितगुज म्हणजे फक्त आपल्या माणसापाशी उघडायचं मन. तिथंच थांबायला हवं होतं. पण उदाहरण दिलं: समजा, एक सुभेदार मिलिटरी कॅन्टीनचं सामान आणायला म्हणून साताऱ्याला जातो, भर श्रावणात मटण हाणून येतो आणि हे फक्त मित्राला सांगतो. गोष्ट खरी होती आणि तो मित्र मीच. पण नाव घेतलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो. संध्याकाळी तीन घरांत एकच सवाल झाला, "आवं, खरं सांगा, त्यो तुमीच न्हवं?" आणि तिघांनीही मुकाट्यानं कबुली दिली! चौथा, म्हणजे माझा खरा सुभेदार, रात्री माझ्या दारात आला. "तुझ्या घरी काय झालं?" मी घाबरत विचारलं. "तिनं इचारलंसुदिक न्हाई रं. म्हणली, आमचं मालक तसलं न्हाईत. पर गड्या, माझी गोष्ट तू माईकवर घातलीस." तो चहा न घेताच गेला. पुढं आम्ही रोज भेटलो, पीकपाण्यावर बोललो, पण मुंबईला ऑपरेशनला जातानासुद्धा तो मला म्हणाला, "कॅन्टीनला जाऊन येतो."