'लोखंडी पूल' ऐकायला रायपूरला

बडनेऱ्याला गाडीत बसलो तेव्हा बायकोनं खिडकीतून शेवटचा टोमणा मारलाच. "आत्याबाईंकडे चाललात असंच सगळ्यांना सांगा. बेचाळिसाव्या वर्षी गिटारवाल्यांच्या मागे धावताय, हे नका सांगू कोणाला." मी हसलो. गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली तेवढ्यानंच मी तीनदा घड्याळ पाहिलं.

'लोखंडी पूल' हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. चौघांचा रॉक बँड. हिंदी आणि मराठी मिसळून गाणारा. कॉलेजच्या होस्टेलात मित्राच्या टेपवर त्यांचं 'वाळू' नावाचं गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि मी कामातून गेलो. त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांना समोर बसून ऐकायचा योग दोनदा आला आणि दोन्ही वेळा हुकला. एकदा नागपूरला, तर ऐन त्या दिवशी बाबांचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्यांदा पुण्यापर्यंत पोहोचलो, तर वादळात मंडपच उडाला. आता घशामुळे गायकाला डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. हा शेवटचा दौरा, आणि त्यात आमच्या बाजूचं एकच गाव होतं, रायपूर. यावेळी चुकलं असतं तर विषयच संपला होता.

पहाटे रायपूरला उतरलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. स्टेशनबाहेर एका ठेल्यावर फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) खाल्ला. हिरव्या मिरचीची चटणी अशी होती की झोप उडाली. तिकीट फोनवर होतं, पण ते दाखवून शहरातल्या एका हॉलमधून हातात बांधायचा पट्टा घ्यायचा होता. पट्ट्याशिवाय प्रवेश नाही. हॉल उघडायच्या दीड तास आधी मी दारात उभा होतो. माझ्या पुढे कोणी नव्हतं, मागेही बराच वेळ कोणी आलं नाही, तरी मी जागा सोडली नाही.

पट्टा बोटभर रुंदीचा, कापडी, लाल, पिवळ्या काठाचा. काउंटरवरच्या माणसानं तो माझ्या उजव्या मनगटावर चढवला आणि प्लॅस्टिकचा मणी कचकन ओढला. मणी आवळायचा तेवढा आवळतो, सैल होत नाही.

"भैया, इसको निकालना मत. कट गया तो एंट्री नहीं मिलेगी."

"मर गया तो भी नहीं निकालूँगा," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याला अशी माणसं दिवसभर भेटणार होती.

माझ्या त्याच मनगटावर आधीचे तीन-चार दोरे होते. घरच्या सत्यनारायणाचा, मेव्हण्याच्या वास्तूचा, एक कुठला तेही आठवत नव्हतं. त्यांच्यावर तो पट्टा बसला. मी बाही खाली ओढली आणि रिक्षा पकडून तात्यापाऱ्यात आलो. पारा म्हणजे वस्ती. दुकानं, जुनी घरं, त्यांच्यामधून जेमतेम स्कूटर जाईल एवढी गल्ली, आणि तिसऱ्या दारात सुमनआत्या.

आत्या बाबांची मोठी बहीण, वय त्र्याहत्तर. लग्न होऊन रायपूरला आली ती इथलीच झाली. काका रेल्वेच्या ऑफिसात होते, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या तेराव्यानंतर मी आज येत होतो.

"अरे बापा! किती वाळला रे पोट्टा!" मला पाहून आत्या म्हणाली. माझं वजन नव्वद किलो आहे.

ती दोन दिवसांपासून स्वयंपाकाला लागली होती हे ओट्यावरून कळत होतं. पाटवडीचा रस्सा, बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात, लाल भाजी (म्हणजे लाल माठ), आणि डब्यात बांधून न्यायला अनरसे. मी जेवत असताना ती समोर बसून एकेकाची चौकशी करत होती. मध्येच तिनं विचारलं, "मग किती दिवस आहे?"

"उद्या सकाळची गाडी आहे आत्या. आज संध्याकाळी तो प्रोग्राम आहे ना, त्यासाठीच आलो."

"हव," ती म्हणाली. रायपूरकडे हो म्हणायचं असलं की हव म्हणतात. तिनं माझ्या भातावर अजून एक गोळा फोडला.

कार्यक्रम सहाचा होता. नव्या रायपूरला, म्हणजे इथून पंचवीसेक किलोमीटर. चारला निघायचं ठरवून मी तीनचा गजर लावला आणि बैठकीतल्या दिवाणावर आडवा झालो. रात्रीचं जागरण, वर तो रस्सा. क्षणात मेल्यासारखा झोपलो.

गजर वाजला, तो बंद करायला हात पुढे केला, आणि पाहिलं तर मनगट मोकळं. पट्टा नाही, दोरे नाहीत, काहीच नाही. मी उशी पाहिली, चादर झटकली, दिवाणाखाली वाकलो. घरात कोणी नव्हतं.  तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला आणि रिकामी कापडी पिशवी घेऊन आत्या आत आली.

"आत्या, माझा पट्टा कुठे आहे?"

"कोणता पट्टा?"

"हातातला! लाल!"

"ते दोरे? बूढ़ा तलावावर सोडून आली. शनिवार आहे ना आज." ती पदरानं घाम पुसत होती. "किती मळले होते रे. एक तर लय घट्ट होता, कैचीनं कापा लागला. तू तं हालला पण नाही. थांब, देवाजवळ नवा ठेवला आहे, बांधून देतो तुले."

आत्याच्या घरची ही पद्धत मी लहानपणी पाहिली होती आणि साफ विसरलो होतो. पूजेचा जुना दोरा अंगावर ठेवायचा नाही. शनिवारी घरात जो असेल त्याचे दोरे आत्या कापायची, निर्माल्यात घालून तळ्यावर न्यायची आणि नवा बांधायची. पाहुणा असो, दूधवाला असो, ती विचारत बसायची नाही. लाल-पिवळा कापडी पट्टा तिला दोराच वाटणार.

हे सगळं मला आत्ता लिहिताना समजतं. तेव्हा मी ओरडलो. "तुला कोणी सांगितलं होतं माझ्या हाताला हात लावायला? तेवीस वर्षं थांबलो मी या दिवसासाठी! तोच पट्टा दाखवून आत सोडतात. मी काय तुला भेटायला आलो होतो का इथे?"

आत्यानं पिशवी खुंटीला लावली, परत काढली. मग म्हणाली, "चाल. गाडी नेते ते सांजच्याला निर्माल्य. आता असंन तिथंच."

तात्यापाऱ्यातून बूढ़ापाऱ्यातलं तळं पायी फार लांब नाही. पण त्या दिवशी गल्ल्या संपत नव्हत्या. समोरून स्कूटर, मागून स्कूटर, मध्ये कोणाच्या तरी दुकानाचा उतरवलेला माल. मी पुढे पळत होतो आणि दर वळणावर मला थांबावं लागत होतं, कारण निर्माल्य कुठे टाकलं ते आत्यालाच माहीत. ती धापा टाकत यायची, हातानं दिशा दाखवायची. मी एकदाही तिची पिशवी घेतली नाही.

तळ्याच्या काठाला निर्माल्यासाठी सिमेंटचा हौद बांधला आहे. तो पाहिला आणि माझं अवसान गळालं. झेंडू, बेल, नारळाच्या शेंड्या, केळीची पानं, सगळं कमरेइतकं साचलेलं आणि खालून कुजलेलं. शनिवार असल्यामुळे आत्यानंतर आणखी पन्नास जणांनी त्यात भर घातली होती. मी काठीनं वरवर ढवळायला लागलो. आत्यानं बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातले.

तिथे झाडणारी एक बाई जवळ आली. "का खोजत हव भैया?" (काय शोधताय?)

मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, मग झाडू टाकून तीही वाकली. लाल दोरे ढिगानं निघत होते. प्रत्येक वेळी वाटायचं हाच, आणि प्रत्येक वेळी तो साधा दोरा निघायचा. निर्माल्याची गाडी रस्त्याच्या टोकाला येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर चहा पीत होता. त्याचा चहा किती उरला आहे ते मी पुन्हा पुन्हा पाहत होतो.

शेवटी तो आत्यालाच सापडला. हळद लागून एका बाजूनं पिवळा झालेला, मणी शाबूत, पण मध्यभागी सरळ कापलेला. तिनं तो पदराला पुसला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि रिक्षा शोधायला धावलो. रिक्षात बसलो तेव्हा पाहिलं, आत्याही शेजारी येऊन बसली होती. "मी सांगतो त्यांले. माह्या हातानं झालं म्हणून."

नवं रायपूर हे मी तोवर फोटोतच पाहिलं होतं. राज्याची नवी राजधानी. रस्ते एवढे रुंद की आमची रिक्षा त्यावर रांगत असल्यासारखी वाटे. दोन्हीकडे आखलेली झाडं, लांब लांब सरकारी इमारती, आणि माणूस औषधाला नाही. बस एक दिसली, तीही रिकामी. एरवी मी थांबवून फोटो काढले असते. त्या दिवशी मी फक्त ड्रायव्हरला "भैया, थोडा जल्दी" म्हणत होतो. आत्या दांडी धरून बसली होती. तिच्या हातांना कुजक्या फुलांचा वास येत होता. 

पाचला गेटवर पोहोचलो. रक्षकानं पट्टा दोन बोटांत धरला. "कटा हुआ है. नहीं चलेगा."

मी तिकीट दाखवलं, ओळखपत्र दाखवलं. तो मान हलवत राहिला. लोक आत जाऊन पट्टा कापतात आणि बाहेरच्याला देतात, त्यामुळे कापलेला पट्टा म्हणजे चोरीचा, असा त्यांचा नियम. त्यानं आम्हाला बाजूला उभं केलं. समोरून शेकडो शाबूत मनगटं आत जात होती. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. सहाला आतून गिटार वाजली आणि लोकांनी आरोळी ठोकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आत्या पुढे झाली आणि वॉकीटॉकीवाल्या एका मुलीपाशी गेली. ती गेटची प्रमुख असावी, पंचविशीची. आत्या तिच्याशी आधी हिंदीत सुरू झाली आणि घाबरून मराठीवर आली. "बेटा, याची काही चुकी नाही. मले वाटलं पूजेचा दोरा आहे, म्या कापला. लय दुरून आला पोट्टा. तेवीस वर्ष झाले, याच्यासाठीच आला तो. मले भेटाले नाही आला, याच्यासाठीच आला."

ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती, माझी बाजू मांडत होती. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"दादी, मैं समझती हूँ मराठी, बोलना नहीं आता," मुलगी म्हणाली. "हमारी आजी भी ऐसे ही काट देती है सबका." मग तिनं कोणाला तरी फोन लावला, यादीतलं माझं नाव जुळवलं, पुन्हा फोन, पुन्हा वाट. सहा पंचवीसला तिनं माझ्या हातात नवा पट्टा चढवला. "जाइए. लेकिन एक ही जन. दादी यहाँ बैठेंगी."

रिक्षा निघून गेली होती. आजूबाजूला नुसता रस्ता, आणि ऊन उतरत होतं. मी आत्याकडे पाहिलं.

"जा ना, काहून थांबला? गाणं चालू झालं ना."

मी गेलो. वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर जाता आलं नसतं.

आत चार गाणी होऊन गेली होती. गायक खुर्चीत बसून गात होता. वरचे सूर त्याला लागत नव्हते, तिथे तो माइक लोकांकडे करायचा आणि हजारो लोक ते उचलायचे. 'वाळू' शेवटी आलं. मी मोठमोठ्यानं गायलो, रडलो, शेजारच्या अनोळखी माणसानं माझ्या खांद्यावर हात टाकला. जसं असावं असं तेवीस वर्षं वाटत होतं, तसंच ते होतं. आणि त्या सबंध वेळात एक गोष्ट डोक्यातून गेली नाही, की म्हातारी बाहेर खुर्चीवर बसली आहे.

आठला सगळं आटोपलं. आत्या रक्षकाच्या खुर्चीत पदर कानावर घेऊन बसली होती. त्या मुलीनं तिला चहा दिला होता. "झालं मनासारखं?" आत्यानं विचारलं. रिक्षात मी म्हणालो, "आत्या, मी फार वाईट बोललो." ती म्हणाली, "अरे, चुकी तं माहीच होती." 

सकाळी निघताना ती दह्याची वाटी घेऊन दारात आली. आत्या दही देताना मनगट धरते, तळहात सरळ करते, मग चमचा टेकवते. आज तिनं चमचा वरूनच धरला आणि विचारलं, "देऊ ना?"

मी हात पुढे केला. तिनं न शिवता दही घातलं. मी ते चाटत असताना तिनं अगदी सहज विचारलं, "ते बँडवाले येतीन का रे पुन्हा रायपूरले?"

हा त्यांचा शेवटचा दौरा होता, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

"येतील ना," मी म्हणालो. "दिवाळीनंतर येणार आहेत."

"मंग येशीन तू?"

"येईन आत्या. चार दिवस राहीन."

"हव," ती म्हणाली, आणि अनरशांचा डबा माझ्या पिशवीत कोंबायला लागली.

प्रवासात माणसाला काय मिळालं ते शेवटी लिहायचं असतं. मला 'वाळू' मिळालं, ते जन्मभर पुरेल. बाकी हिशेब माझ्या बाजूचा नाही. ज्यांच्यासाठी मी तेवीस वर्षं थांबलो त्या चौघांना माझं नावही ठाऊक नाही, आणि अकरा वर्षं माझी वाट पाहणाऱ्या बाईला मला भेटायला बोलावण्यासाठी त्यांचाच आधार घ्यावा लागला. गोंदिया जाईपर्यंत मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो. मग फोन काढला आणि दिवाळीनंतरचं रायपूरचं तिकीट काढलं.