चव्वेचाळीस मिनिटांचा उपकार

आई गेल्यावर बाबा अमरावतीहून आमच्याकडे कोथरूडला राहायला आले. सोबत दोन बॅगा आणि टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. बाबांनी सारा जन्म शाळेत गणित शिकवलेलं. ते घड्याळ निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलं होतं आणि ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडायचं.

दुरुस्त करून आणतो म्हटलं, तर बाबा चिडले.

"काहून? किती चुकतं ते ठाऊक आहे ना? मग बिघाड कसला?"

दर महिन्याच्या एक तारखेला ते घड्याळ बरोबर लावायचे आणि नंतर रोज मनातल्या मनात दोन-दोन मिनिटं वाढवत जायचे. दहा तारखेला अठरा, पंधरा तारखेला अठ्ठावीस. बायकोची दोनदा ऑफिसची बस चुकली आणि तिने त्या घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. बाबांची मात्र एकही वेळ चुकली नाही. फक्त बोलायला कोणी नव्हतं. आठ महिन्यांत सोसायटीत त्यांची कोणाशी ओळख झाली नव्हती. "इथले लोक नमस्कार पण मोजून करतात," असं म्हणून ते पेपरातली कोडी सोडवत बसायचे.

मग सोसायटीची सभा आली. क्लबहाउसमधलं घड्याळ वर्षभर पाच चाळीसवर थांबलेलं होतं. ते बदला, असं कोणीतरी म्हणालं. अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, शांत आवाजात माणसाला गप्प करणारे गृहस्थ. ते म्हणाले, "बंद घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर असतं. आपल्यातले काही सभासद तेवढेही नसतात."

सगळे हसले. बाबा उभे राहिले. सभेत ते पहिल्यांदाच बोलत होते.

"माझं घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडतं. ते तुमच्यापेक्षा कामाचं आहे."

"सर, हिशेब आपल्याला मी काय सांगणार? आपण ते पुन्हा लावलंच नाही, तर बारा तास मागे पडायला तीनशे साठ दिवस लागतील. म्हणजे ते वर्षातून एकदा बरोबर. आमचं रोज दोनदा."

"पण पाच चाळीस वाजले, हे तुम्हाला कळणार कसं?"

"घड्याळाकडे बघून."

"ते तर दिवसभर पाच चाळीसच दाखवतं!"

"त्यातलं बरोबर कधी असतं ते आम्ही ओळखतो, सर."

एवढ्यावर पैज ठरली. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, संध्याकाळी बरोबर पाच चाळीसला दोघांनी गेटजवळच्या बाकावर यायचं. मोबाइल नाही, मनगटी घड्याळ नाही, कोणाला वेळ विचारायची नाही. बाबांनी फक्त आपलं घड्याळ बघायचं, अध्यक्षांनी क्लबहाउसमधलं.

बाबा आठवडाभर खुशीत होते. दोनदा दाढी केली. मला मात्र काळजी लागली. त्यांचं वय पंच्याहत्तर. बेरजेत कुठे चुकले तर सगळ्या सोसायटीसमोर हसं होईल. रविवारी जेवून ते झोपले आणि मी स्टुलावर चढलो. घड्याळ चव्वेचाळीस मिनिटं मागे होतं. मी काटे पुढे सरकवून ते मोबाइलप्रमाणे अगदी बरोबर लावलं. आता बाबांची वेळ चुकूच शकत नाही, अशा समाधानात मी बायकोला घेऊन बिबवेवाडीला मेहुणीकडे गेलो. मी संगणकावर हिशेब तपासणारा माणूस आहे, हेही इथे सांगून टाकतो.

सातला परत आलो तर बाकाजवळ ही गर्दी. बाबा आणि अध्यक्ष समोरासमोर.

"मी वेळेवर आलो, वीस मिनिटं थांबलो. तुमचा पत्ता नव्हता!"

"आपण नव्हता, सर. मी बरोबर पाच चाळीसला आलो. बाक रिकामा होता."

शेवटी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा पाचला चार-पाच मिनिटं कमी असताना आले. सव्वापाचच्या सुमारास 'जिंकलो' म्हणून वर गेले. साहेब आले तेव्हा पाच चाळीसच झाले होते."

बाबांचा चेहरा उतरला. "मला वाटलंच, ऊन फार आहे," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, पुण्यात असंच असेल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बरोबर लावलेल्या घड्याळात बाबांनी सवयीप्रमाणे चव्वेचाळीस मिनिटं मिळवली होती. पळून जावंसं वाटत होतं, पण बाबांचा चेहरा बघवेना. मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

बाबा माझ्याकडे वळले.

"चुकीच्या घड्याळाने मला एक दिवस फसवलं नाही," ते म्हणाले. "तू बरोबर केलंस आणि फसलो. पोरांना आयुष्यभर शिकवलं, घरचा मात्र कच्चा राहिला."

सोसायटी पोट धरून हसली. आपण हसावं की मान खाली घालावी, मला कळेना. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी बाबांना बाकावर बसवलं आणि आवाज खाली आणला.

"सर, पैज मीही जिंकलेलो नाही. आमच्या घरी साडेपाचला चहा होतो. तीस वर्षांत मिनिटाचा फरक नाही. चहा संपवून निघालो. घड्याळ बंद होतं, पण बायको चालू होती."

बाबांचे आधी नुसतेच खांदे हलले. मग ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"मग जिंकल्या त्या वहिनी," बाबा म्हणाले.

"तिला सांगायला आपणच चला. चहा पुन्हा होईल. साडेपाचचा नसेल, एवढंच."

त्या दिवसापासून बाबा संध्याकाळी घरात सापडत नाहीत. क्लबहाउसला नवं घड्याळ घ्यायचा ठराव दोघांनी मिळून हाणून पाडला. परवा ऑफिसातून आलो तर दोघं लिफ्टचं दार अडवून उभे. आतल्या पाटीवरची 'आठ माणसे' म्हणजे कोणती आठ, यावर वाद चालला होता.

"बरा आलास," बाबा म्हणाले. "तुझं वजन सांग, आणि खरं सांग."

मी जिन्याने वर गेलो.