आधण

कारखाना बंद पडून नवऱ्याचं काम गेलं होतं. त्या सकाळी घरात तांदळाचा दाणा नव्हता, तरी सासूबाईंनी भाताला आधण ठेवलं.

"आई, शिजवायचं काय?"

"प्रभू पुरवील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भिंतीवरच्या क्रुसाकडे बघून मी ओरडले, "पोरं उपाशी आहेत, दिसत नाही तुला?"

सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बोल अजून. काम गेल्यापासून प्रभूशी बोललीच नव्हतीस."

मी कडाकडा भांडले. समोर कुणी नाही असं वाटत असतं, तर माणूस एवढं भांडला असता का?

दुपारी चर्चमधल्या एक बाई भाकरी-कालवण घेऊन आल्या. पोरं तुटून पडली. मी काही आभाराची प्रार्थना केली नाही. क्रुसाकडे बघून एवढंच म्हटलं, "उशीर केलास."