उरलेल्या पाच ओव्या

अनुभव लिहायचा म्हणजे लोक आपल्या भक्तीचं लिहितात. मला माझ्या लाजेचं लिहायचंय, म्हणून इतके दिवस छाती होत नव्हती.

पोरं सारखी आजारी पडत होती, म्हणून त्यांना सुखरूप ठेव असं महाराजांना सांगून मी सात दिवसांचं पारायण धरलं होतं. सासूबाईंनी गावाहून फोनवर बजावलं होतं, अध्याय पुरा होईपर्यंत आसन मोडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मी तर त्यांच्याहून दोन पावलं पुढं! शेजारच्या नरसम्माअक्का दिवसभर विड्या वळतात, हाताला तंबाखूचा वास. माझ्या दीड वर्षाच्या ईश्वरीला त्यांचा भारी लळा. तरी पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, "अक्का, सात दिवस आत येऊ नका हं, सोवळं आहे." बिचाऱ्या हसल्या. "बरं गं, दारातनंच बोलू की."

पाचव्या दिवशी सकाळी नवरा कामावर, थोरला बालवाडीत. ईश्वरी माझा पदर ओढत होती. मी 'हूं, हूं' करत तिला कोपरानं सारलं. ती देव्हाऱ्याकडं गेली आणि तिनं तापलेल्या निरांजनावर तळहात टेकला. असली किंकाळी फोडली पोरीनं! अध्यायाच्या पाच ओव्या उरल्या होत्या. आणि मी त्या वाचल्या. घाईघाईनं, अक्षरं गिळत, पण वाचल्या. आई आहे का कोण आहे मी? मग तिला उचललं आणि घाबरून त्या लालभडक हातावर अंगारा चोळला. ती आणखीच तडफडायला लागली.

तेवढ्यात अक्का सरळ आत आल्या. "अय्यो, राख कशाला लावलीस गं? पाणी कुटं हाय? आदी पाणी!"

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पिंपात तळाला गाळ उरलेला. स्वच्छ पाणी होतं ते फक्त पूजेच्या कळशीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, ते सोवळ्याचं आहे." त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग कळशी उचलली, पोरीला मांडीवर घेतलं आणि बारीक धार धरून त्या हातावर पाणी सोडत राहिल्या. तोंडानं तेलुगूत काहीतरी गुणगुणत होत्या. कळशी रिकामी होईपर्यंत ईश्वरीचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लगेच पाणी घातलंत ते फार बरं केलंत, थोडक्यात भागलं. तुम्ही कुठं होता तेव्हा?" मी म्हणाले, "स्वयंपाकघरात." पारायणाला बसलेली बाई, आणि धडधडीत खोटं बोलले. अक्का पोरीला खांद्यावर घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

परत येताना रिक्षात मीच विचारलं, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीपलीकडं सगळं ऐकू येतंय की. पोरगी वरडली, तरी तुझं वाचणं थांबंना. म्हणून मी उटले."

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भर रस्त्यात रडू कोसळलं. पोरांना सांभाळ म्हणून मी ज्याला आळवत होते, तो सांभाळायला आला, आणि त्यालाच मी पाच दिवस दारात थांबवून ठेवलं होतं. हा चमत्कार म्हणायचा का, ते मला कळत नाही.

नवरा घरी आल्यावर त्याला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाचताना मी तीनदा आसनावरून उठले, एकदा ईश्वरीला दूध द्यायला, दोनदा तिला शूला न्यायला. शरण जाणं म्हणजे गच्च बसून राहणं, असं मला वाटायचं. हाक आली की उठावं, एवढंच आता समजतं. सांगतेला अक्का देव्हाऱ्याजवळ बसल्या होत्या. ईश्वरीनं पट्टी बांधलेल्या हातानं स्वतःच्या तोंडातला अर्धा पेढा काढून माझ्या तोंडात कोंबला. मी तो महाराजांपुढंच खाल्ला आणि दोघींच्या पाया पडले, आधी अक्कांच्या, मग लेकीच्या.