तासाभराने घेतलेला कागद

थोरलीच्या कपाळावर तेल आणि धाकटीच्या जिभेवर साखर, अशी या दोन बहिणींची जन्मतःच वाटणी झाली होती. बाकी नाक, भुवया, हनुवटी एकाच साच्यातली. डोळे मिटून शेजारी शेजारी बसल्या तर सख्खी आईसुद्धा क्षणभर अडखळायची. शाळेत थोरलीला सगळे बुधली म्हणत, तेलाची बुधली. असं म्हणणाऱ्यांच्या अंगावर चार वर्षांनी लहान असलेली धाकटी दप्तर उगारून धावून जायची. हे लक्षात ठेवा, कारण थोरली ते कधीच विसरली नाही.

तेलकट चेहऱ्याच्या माणसाला जगात एकवेळ पाणी मिळणार नाही, पण सल्ले भरपूर. मावशीने सांगितलं, लिंबू चोळ. शेजारणीने सांगितलं, फोडांवर टूथपेस्ट लाव. थोरलीने सगळं केलं. दिवसातून सहा वेळा साबण लावला, अंग घासायच्या खरखरीत कापडाने नाक सोललं. चेहरा लालबुंद व्हायचा, आग आग व्हायची, आणि दुपारपर्यंत कपाळ पुन्हा जसंच्या तसं. शेवटी एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून विचारलं, "तू चेहरा धुतेस की कढई घासतेस?" तेल हा काही मळ नाही, ते तुझ्याच कातडीतून येतं आणि येत राहणार, असं त्या म्हणाल्या. सौम्य फेसवॉशने दोनदा धुवायचं, टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही, वर हलकं मॉइश्चरायझर लावायचं, उन्हात जाताना सनस्क्रीन लावायचं, आणि धीर धरायचा. तेलकट चेहऱ्याला वर आणखी क्रीम, हे ऐकून थोरलीला ती बाई वेडी वाटली होती. तीन महिन्यांनी चेहरा निवळला, तरी ती पेढे घेऊन बाईंचे आभार मानायला गेली नाही एवढंच. त्याऐवजी तिने पार्लरचा कोर्स केला.

तिचं पार्लर म्हणजे दातांच्या दवाखान्याखालची एक खोली. दोन खुर्च्या, एक मोठी खिडकी, आणि दारावर पाटी: 'घाईत असाल तर उद्या या.' कारण थोरलीची पद्धतच तशी होती. आलेल्या बाईचा चेहरा ती स्वतः धुवायची, केस निळ्या पट्टीने मागे बांधायची, आणि मग तासभर काहीच करायची नाही. ना क्रीम, ना वाफ. तास झाला की डोळे मिटायला सांगून कपाळ, नाक, गाल आणि हनुवटीवर पातळ टिपकागद दाबायचा. कागदावर कुठे किती तेल उमटतं ते खिडकीच्या उजेडात बघायचं, कोपऱ्यात तारीख घालायची, आणि त्या बाईच्या नावाच्या पाकिटात ठेवून द्यायचा. खोकंभर पाकिटं होती. त्यात थोरलीचं स्वतःचं सर्वांत जाड, आणि धाकटीचं सर्वांत पातळ. धाकटीचा एकच कागद होता, कोराकरकरीत. तिच्या चेहऱ्यावर तासानेच काय, दिवसानेही थेंबभर तेल यायचं नाही.

तो कागद घेतला त्याच दिवशी फोटो निघाले. कल्पना धाकटीची. "ताई, भिंतीवर एक तक्ता लावू. इकडे तेलकट त्वचा, तिकडे कोरडी. तू आणि मी. लोकांना शंभर वेळा सांगण्यापेक्षा एकदा दाखवलेलं बरं." थोरलीला ते इतकं पटलं की तिने मुद्दाम वाईट आठवडा निवडला. हनुवटीवर चार फोड होते, नाकाच्या दोन्ही बाजू चमकत होत्या. पावडरचा हातसुद्धा फिरवला नाही. धुतल्यावर मोजून तासाने, खिडकीत, निळी पट्टी बांधून, डोळे मिटून. धाकटीचाही फोटो तस्साच काढला. लपवलं तर शिकवणार काय, असं थोरलीचं म्हणणं. शहाणी माणसं ज्या चुका करत नाहीत, त्या प्रामाणिक माणसं अशी हौसेने करतात.

तक्ता काही छापून आला नाही. धाकटीला एका फेसवॉश बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, ती कामात बुडाली, आणि थोरलीनेही पुन्हा विचारलं नाही.

वर्षभराने वरच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट जिना उतरून आली. पंचविशीची पोर. तीन महिने थोरलीकडे नेमाने येत होती, चेहरा चांगला सुधारला होता, आणि मग अचानक यायची बंद झाली होती. आता दारातच उभी राहिली. दोन्ही गालांची सालं निघाली होती. तोंडाच्या कडेला भेगा पडल्या होत्या.

"हे काय करून घेतलंस?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही केलंत तेच," ती म्हणाली. "आम्हाला सांगायचं रगडू नका, धीर धरा. आणि स्वतः एकवीस दिवसांत मोकळ्या. चांगलंच लपवलंत हो ताई. औषधाच्या दुकानात जाऊन बघा, तुमचाच फोटो आहे."

थोरली तशीच चपला पायात सरकवून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. काचेवर माणसाच्या उंचीचं पोस्टर होतं. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'एकवीस दिवसांनंतर'. डावीकडे तिचे चार फोड होते. उजवीकडे तीच निळी पट्टी, तेच मिटलेले डोळे, तीच हनुवटी, आणि स्वच्छ कोरडा गाल. धाकटीचा गाल. खाली फेसवॉशची ट्यूब, आत बारीक खडे असलेली, दिवसातून चार वेळा चोळायची. दुकानदार आतून म्हणाला, "ताई, फोटो झकास आलाय. आता तुमच्यामुळे माझा माल खपतोय."  ज्या चेहऱ्याला लोक हसले तो चेहरा तिने पहिल्यांदा कुणाला मनापासून दाखवला होता, आणि तोच असा रस्त्यावर टांगला होता.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. परक्याने कापला असता तर निदान ओरडता आलं असतं.

तिने फोन केला तशी धाकटी दुपारी आली. खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि साखर पेरायला सुरुवात केली. "तुझं नाव कुठे टाकलंय त्यावर? आणि डोळे मिटलेले, कोण ओळखतंय?"

"दुकानदाराने ओळखलं. माझ्या गिऱ्हाइकाने ओळखलं. तिचे गाल बघून ये वर जाऊन."

"तिने जास्त चोळलं असेल."

"चार वेळा चोळा म्हणून तूच छापलंस."

धाकटीने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "कंपनीला एकाच बाईचे दोन चेहरे हवे होते, ताई. माझ्याकडे ते होते. त्यावरच मी नोकरीत कायम झाले. आता तू तोंड उघडलंस तर मला दारातून आत घेणार नाहीत." आणि अगदी हळू, "शाळेत तुला बुधली म्हणायचे तेव्हा मीच धावून जायचे ना?"

"हो," थोरली म्हणाली. "म्हणून तर तुला फोटो काढू दिला."

धाकटीला रडू आलं, ते खोटं नव्हतं. जाताना तिने थोरलीचा हात दोन्ही हातांत धरला. "मी तुझ्या भरवशावर आहे," म्हणाली. थोरलीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर तिचं मन वळलं होतं. शेवटी पाठची बहीण. आपल्या पोटात ठेवावं, पोस्टर आज ना उद्या उतरेल, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लर उघडल्या उघडल्या तिने पाकिटांचं खोकं काढलं. फोटो काढले त्याच तारखेचा धाकटीचा कोरा कागद त्यात असणार होता. पुढेमागे कुणी बघितला तर भांडं फुटायचं, म्हणून तो फाडून टाकावा असं तिच्या मनात आलं. तिने पाकीट उघडलं. आत काहीच नव्हतं.

ती पाकीट उलटं करून झटकत राहिली. खोक्याला तिच्याखेरीज हात लावणारी एकच होती. म्हणजे धाकटीने कागद आधीच काढून नेला होता. भरवशावर आहे म्हणाली ते नुसतं तोंडदेखलं. भरवसा कधी नव्हताच.

दहा वाजता थोरली वर गेली आणि रिसेप्शनिस्टला खाली घेऊन आली. तिचे गाल नुसत्या पाण्याने धुतले, टिपले, साधं मॉइश्चरायझर बोटाच्या टोकाने लावलं. भेगा आठवड्यात बऱ्या झाल्या नाहीत तर डॉक्टरकडे जा, असं बजावलं. मग स्वतःचा चेहरा धुतला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"तुम्ही कशाला?" मुलीने विचारलं.

"बस तासभर. कळेल."

दोघी बसल्या. वरून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. अर्ध्या तासाने मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "मी स्वतःहून नव्हतं घेतलं हो. तुमच्या बहिणीने दिली ट्यूब. जिन्यात भेटल्या होत्या. म्हणाल्या, ताई रोज हेच वापरते, पण गिऱ्हाइकं तुटतील म्हणून सांगत नाही."

थोरलीने मान हलवली.  घड्याळात तास भरला तसं तिने डोळे मिटून कपाळावर कागद दाबला, मग नाकावर, मग हनुवटीवर, आणि तो खिडकीत धरला. कागद तेलाने पारदर्शक झाला होता. रस्त्यापलीकडच्या भिंतीवरची पाटी त्यातून वाचता आली असती.

"वीस वर्षं हे असंच येतंय," ती म्हणाली. "आधीही हेच, नंतरही हेच. मी फक्त याच्याशी भांडणं सोडलं."

मुलगी कागदाकडे बघत राहिली. "मग पोस्टरवर तो दुसरा चेहरा कुणाचा?"

थोरलीने पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली. नेहमीसारखी, नीट.

"माझ्या बहिणीचा," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांग."