दोन खटके

पावसाळ्यात धरणाच्या वायरलेसवर मी कंट्रोलला असायचो, वलवणच्या बाजूला. खंडाळा, लोणावळा, तळेगाव असे तीन सेट. रोज सकाळी आठला मी एकेकाला हाक मारायची, त्यानं पाऊस आणि पाणी सांगायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. पाळीआधीच तातडीचं काही असलं, तर एकाचं बोलणं संपताच बटण दोनदा दाबायचं. ते खट्-खट् ऐकून मी ‘बोला’ म्हटलं, की मगच तोंड उघडायचं.

मी भलताच खडूस. नीट ऐकू आलेलं कुणी पुन्हा विचारलं, तर फाडून खायचो. तळेगावच्या सेटवरचे भाऊ वयानं माझ्या वडिलांएवढे, मावळातल्या खेड्यातले. एकदा ‘चा घेतला का सायेब’ म्हणाले, तर त्यांनाही झापलं होतं. आज लाज वाटते.

त्या श्रावणात बायको बाळंतपणाला तळेगावला माहेरी होती. आमचं पहिलं बाळ एक दिवसही जगलं नव्हतं. म्हणून या वेळी मी कुणाजवळ विषयच काढला नव्हता. पण भाऊंना माहीत होतं, कारण माझे सासरे त्यांच्या शेजारी राहायचे.

एका सकाळी खंडाळ्याचं बोलून झालं आणि खट्-खट् आलं. भाऊच. त्यांचा जड अंगठा मी ओळखायचो. नियमानं ‘बोला’ म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, ‘लोणावळा.’ हो, मीच. वाईट बातमी असेल तर निदान दोन मिनिटं उशिरा कळू दे, इतका मी भ्यालो होतो.

लोणावळ्याचा गडी समजूतदार. ‘माझी वेळ तळेगावला द्या,’ म्हणाला. आता सुटका नव्हती.

‘बोला, तळेगाव.’

माझ्या धाकानं भाऊंनी तेही रीतसर सांगितलं. ‘तळेगाव. पाऊस न्हाई. पानी हाय तेवढंच. पोरगी झाली. दोगीबी बऱ्या हाईत. ओव्हर.’

आवाज स्वच्छ होता, शब्दन्‌शब्द कळला होता. माझे डोळे भरून आले. बटण दाबलं, पण ‘समजलं’ हा शब्द काही केल्या निघेना.

‘भाऊ,’ मी म्हणालो, ‘नीट ऐकू आलं नाही. परत सांगा.’

ते हसले नाहीत. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पावसासकट. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही.